वडनेर भोलजीच्या तापलेल्या दगडात सात मिनिटं

लेक म्हणाली, "या बाबा, पण आमच्या कामात बोलू नका." पस्तीस वर्षं वर्गात बोललेल्या माणसाला हे सांगणं! त्याच रागात मी पुण्याहून निघालो.

रेल्वेने मलकापूर, तिथून वडनेर भोलजीकडे काळीपिवळी. माणशी चाळीस रुपये, आणि गाडी गच्च भरल्याशिवाय हलत नाही. फाट्यावर भाकरी आणि वांग्याची भाजी खा, तिखट झेपत असेल तर. पुढे कपाशीच्या रानात लोखंडी मनोरा दिसतो.

जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करायची म्हणून ही खोल विहीर. सरळ खाली नेलेलं भोक आता कठीण काळ्या दगडात तिरपं वळवायचं होतं, आणि ते वळवणार होती माझी मृण्मयी. प्रमुख म्हणून तिची पहिलीच विहीर. "टोकाशी दिशा सांगणारं यंत्र आहे," ती म्हणाली, "वरून सोडलेल्या पाण्यावरच ते गार राहतं." मी मान डोलावली, ऐकलं अर्धंच.

ती फोन घ्यायला केबिनमध्ये गेली. मी पिशवीतून नारळ काढला. शुभ काम आहे, म्हटलं. पंपावरचे समाधानभाऊ अमडापूरचे, उभी हयात बोअरच्या गाड्यांवर गेलेली.

"चालू मशीनीवर नारय कसं फोडाव काका? दोन मिंटं बंद करतो."

बोअरवर तीच रीत. पंप थांबला. नारळ फुटला, अगरबत्ती वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. दोनाची सात मिनिटं झाली आणि मृण्मयी धावत आली.

"पंप कोणी थांबवला?"

समाधानभाऊंनी धडपडत तो चालू केला. पडद्यावर खालून आकडे यायला हवे होते. आलेच नाहीत. तासभर कोणी बसलं नाही.

"माह्यं चुकलं मॅडम," समाधानभाऊ रडकुंडीला आले. मी फुटलेल्या नारळाची भकलं पिशवीत भरली. पंपाचं पाणी थांबलं तसं खालच्या उष्णतेने यंत्र जळालं होतं. आता सगळे पाइप वर काढायचे आणि दुसरं यंत्र येईपर्यंत काम बंद. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तिने अहवालात लिहिलं: पंप माझ्या जबाबदारीवर थांबला. समाधानभाऊंचं नाव नाही, माझंही नाही.

घरी येऊन आठवडा झाला. ती विहीर आता दुसरंच कोणी वळवणार आहे. मी तिच्या साहेबांना पत्र लिहिलं, सगळं खरं खरं, आणि तिला फोनवर वाचून दाखवलं.

"नका पाठवू बाबा. तुम्हाला आत मीच आणलं होतं. आणि तुमचं पत्र गेलं की पहिले समाधानभाऊ जातील."

पत्र फाडलं. इथे गावाचं नाव खरं आहे, त्या दोघांची नावं मी बदलली आहेत. चूक तेवढी माझ्या नावावर राहू द्या.