व्याहीबुवांचा काळू

दिसणाऱ्या गोष्टींचं काडीचं कौतुक नाही आणि न दिसणाऱ्या गोष्टीपायी भरल्या ताटावरून उठायची तयारी, असा गृहस्थ अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि माझ्या मुलीने नेमका त्यांचाच मुलगा पसंत केला. मुलगी बघायला ही मंडळी आमच्या पंचवटीतल्या घरी आली तेव्हा मुलाच्या आईने मुलीला स्वयंपाकाचं विचारलं, मामाने नोकरीचं विचारलं. मुलाच्या वडिलांना मी म्हटलं, तुम्हालाही काही विचारायचं असेल तर विचारा. तर म्हणाले, "तुमच्या गच्चीवरून दक्षिणेचं आकाश मोकळं दिसतं का?" सातपूरच्या एका कारखान्यात ते मापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले तरी जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर शर्टाच्या खिशातून गेला नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांनी बुंदीच्या दोन लाडवांना तो लावला आणि मला हळूच सांगितलं, "तीन मिलिमीटरचा फरक आहे, वळणारे हात दोन असावेत." आचाऱ्याला विचारलं तर खरंच दोन बायका वळत होत्या. आता बोला.

एवढा काटेकोर माणूस, आणि त्यांचा जीव कशावर, तर काळूवर. काळू म्हणजे कुत्रा नव्हे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यांतला हा एक लघुग्रह. त्याला रीतसर नंबर आहे, पण नंबराने हाक मारायला तो काय कैदी आहे, असं म्हणून व्याहीबुवांनी त्याचं बारसं केलं. अंगभर कार्बन, कोळशासारखा काळा, पडलेलं ऊन जवळजवळ सगळं गिळून बसणारा. त्यांनी स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतूनही तो दिसत नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, जीव लावायचाच तर एखादा चमकणारा तरी धरायचा." म्हणाले, "रोज काळ्या रामाच्या पाया पडता आणि मला हे सांगता?" मग बराच वेळ समजावत बसले. सूर्यमाला घडताना उरलेला माल आहे हा. वितळला नाही, त्याला कोणी रंग दिला नाही, पॉलिश केलं नाही. असं अस्सल मटेरियल सातपुरात शोधून सापडणार नाही, म्हणाले.

मी मुलीचा बाप, तेव्हा त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर "छान, छान" म्हणायचं हे मी लग्नाच्या दिवसापासूनच ठरवून टाकलं होतं. पहिल्या दिवाळसणाला आमच्या गच्चीवर त्यांनी मला सोबत आणलेल्या दुर्बिणीपाशी उभं केलं आणि शनीची कडी दिसतात का विचारलं. मला काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. पण मी म्हटलं, "वा, अगदी स्पष्ट." ते शांतपणे म्हणाले, "झाकण अजून काढायचंय." विहीणबाई पदराआड हसत खाली गेल्या आणि मी उरलेला सण तोंड लपवून काढला.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने गेला. डावाही आकसत चालला होता, आणि फार दिवस भरवसा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. नेमका तेव्हाच काळूचा योग आला. हा दगड फिरता फिरता एखाद्या ताऱ्याच्या आड आला, की ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवरून सर्रकन पळत जाते. त्या सावलीत जो उभा असेल त्याला तारा काही सेकंद विझलेला दिसतो. काळू भेटण्याची रीत ही एवढीच. सावली दिंडोरीवरून जाणार होती, तीही संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला. या माणसाने त्यासाठी सगळं आयुष्य वाट पाहिली होती आणि हाताशी उरला होता एक डोळा.

बघणारे दोघे हवे होते, म्हणून मला धरलं. महिनाभर तालीम चालली. विहीणबाईंनी देवघरातला दिवा बंद करायचा, मी वेळेची नोंद राहावी म्हणून फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये "गेला" म्हणायचं, लावला की "आला". मी उशीर करायचो, त्यांचा वरण-भात गार व्हायचा आणि त्या दिव्याला सोडून मला बोलायच्या. त्या दिवशी मला दुसरी दुर्बीण देऊन दिंडोरीला त्यांच्या एका मित्राच्या द्राक्षबागेत पाठवलं. स्वतः मात्र सातपुरातल्या आपल्या गच्चीवर थांबले. मला वाटलं, डोळ्यामुळे प्रवास नको असेल.

तारा दुर्बिणीत धरला. बागवाला मागे टॉर्च बंद करून उभा होता. आणि अहो, तो तारा खरंच गेला. फुंकर मारल्यासारखा. "गेला" म्हणायचं सोडून मी "अहो व्याही, अहो व्याही" एवढंच म्हणत राहिलो. "आला" मात्र वेळेवर म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

लगेच फोन लावला. "तुम्हाला दिसलं ना?"

"नाही," ते म्हणाले, आणि आवाजात चक्क समाधान. "माझा तारा जागचा हलला नाही. गच्ची सावलीच्या कडेबाहेर आहे. तसा अंदाज होताच."

मला संताप आला. आयुष्यात पहिल्यांदा मी मुलाच्या बापावर आवाज चढवला. "माहीत होतं तर इथे का नाही आलात? मला कशाला पाठवलंत? मला काय करायचाय तुमचा काळू?"

"भोकाचं माप तपासायच्या गेजला दोन टोकं असतात, व्याही. एक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. सावली कुठे संपते त्यावरून काळूचं माप निघतं; दुसरं टोक खोटं बोललं तर ते सगळं फुकट. कडेवर उभा असलेल्याला 'काही झालं नाही' असं सांगता आलं पाहिजे." मग म्हणाले, "तुम्ही झाकणातून शनी पाहणारे. कडेवर तुम्हाला ठेवलं असतं तर मला वाईट वाटू नये म्हणून तारा विझला असं सांगून मोकळे झाला असता."

मी खरंच तसं सांगितलं असतं.

आता त्यांना तारे दिसत नाहीत. संध्याकाळी मी सातपूरला जातो, गच्चीवर दोन खुर्च्या टाकतो आणि आकाशात काय आहे ते सांगतो. परवा त्यांनी विचारलं, "मृग स्वच्छ दिसतोय का?" मी म्हटलं, "नाही, कारखान्यांच्या दिव्यांनी सगळं पांढुरकं झालंय. तीनच तारे आहेत." ते खूश झाले. म्हणाले, "पुढच्या वेळी कडेवर तुम्ही उभे राहा. मध्यावर मी."

"तुम्हाला काय दिसणार तिथे?"

"दिसायला कशाला हवं? त्याची सावली अंगावरून जाईल ना."

पुढची वेळ कधी, ते मी विचारलं. अकरा वर्षांनी, पेठ तालुक्याच्या बाजूला. तेव्हा ते त्र्याऐंशीचे असतील आणि मी ऐंशीचा. मी म्हटलं, गाडी मी काढतो.