कुंपणाकडचे चार चिंचोके

रोपाच्या पिशवीत बी टोचायच्या आधी मावशी चार चिंचोके काट्यांच्या कुंपणाकडं टाकायची आणि म्हणायची, “तिचंबी हाय त्यात.” ‘तिचं’ म्हणजे खारीचं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा मिळाला, पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिला, असं आम्ही म्हणायचो. जळकोटजवळच्या सरकारी रोपवाटिकेवर मी मुकादम आणि नायगावकडची ही मावशी रोजंदारीवर. माणसांशी कडाकडा भांडणारी, खारींशी मात्र गोड बोलणारी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्या उन्हाळ्यात खारींनी पिशव्या उकरून चिंचोके पळवले. उगवलं ते उन्हानं करपलं. साहेब मला म्हणाले, “आठ दिवसांत पिशव्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. खारींचा बंदोबस्त करा, नाहीतर त्यांना चिंचोके चारणाऱ्या या बाईचं नाव हजेरीतून काढा.” मावशीच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिला न विचारता मी उंदराचं औषध आणलं, पिठात मळलं आणि गोळ्या कुंपणापलीकडं ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच मला हाताला धरून कुंपणाशी नेलं. काटे सारले. आत सावलीत, ती हंडे विसळून पाणी ओतायची तिथं, चिंचेची रोपं दाटीनं उभी होती.

“ही कुणी लावली?”

“खारीनं. पुरून ठिवती अन् इसरून जाती, येडी. झाड तिला खाऊ घालतं, ती त्याची लेकरं सावलीला लावती. हळू उकर, मूळ तुटू दिऊ नको.”

मला गोळ्या आठवल्या. तिची नजर चुकवून वेचायला पळालो. एकही शिल्लक नव्हती.

संध्याकाळी ती पदरात सात मेलेल्या खारी घेऊन समोर उभी राहिली.

“तुझं नाव जाऊ नये म्हणून केलं, मावशी.”

“मग माझं नावच काटायचं होतं, बाबा.”

कुंपणातल्या रोपांनी पिशव्या भरल्या. साहेब खूश झाले, तिचं नाव राहिलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला मी ते दोनदा पुकारलं. ती नायगावला निघून गेली होती, आणि मला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून मी कधी तिकडं गेलो नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. पिशव्या भरायच्या आधी मीही चार चिंचोके कुंपणाकडं टाकायला लागलो. सकाळी जाऊन बघायचो. चारही तिथंच पडलेले असायचे.