ख्रिस्तविरोध्याच्या दारात

माझे काका पोपला भीत असत. पोपला काकांचा पत्ताही नव्हता, पण त्याने भीती कमी होत नाही. कोणी विंचवाला भितं, कोणी अंधाराला, कोणी सासूला. काका त्या दूरवरच्या, पांढऱ्या झग्यातल्या, हात वर करून आशीर्वाद देणाऱ्या म्हाताऱ्याला भीत. लहानपणी मला याचं फार हसू यायचं. ते हसू कसं आटलं तेच सांगते.

काका सुतार होते आणि फक्त शवपेट्या करत. कामाची खोली राहत्या घराला लागून होती, मधलं दार कायम उघडं. त्यामुळे काकूच्या भांड्यांवर, उशांवर, अगदी तिच्या केसांतही भुसा सापडे. काका कोणाकडे जरा निरखून बघायला लागले की समोरचा चुळबुळ करू लागे, कारण नजरेनेच माप घ्यायची त्यांना सवय होती. माझे वडील म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. ते जेवताना म्हणत, "दादा, ताटात बघ, माझ्याकडे नको."

आमचं घराणं लूथरन, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिश्चनांपैकी, आणि आजोबा त्यातले कडवे. आमच्या पंथाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की पोपची गादी हीच ख्रिस्तविरोध्याची गादी. शेवटच्या काळात देवाच्या मंदिरात बसून देवासारखा मिरवणारा शत्रू येईल असं शास्त्रात, म्हणजे बायबलात, म्हटलंय, तो हाच; अमुक एक पोप नव्हे, ती गादीच. आमच्यातले बरेच जण हे वाक्य हल्ली घसा खाकरून, जरा आवाज उतरवून म्हणतात. आजोबांना तसली भीड नव्हती. ते मुलांना समोर बसवून सांगत की तो काही शिंगं घेऊन येणार नाही. तो गोड बोलत येईल, आशीर्वाद देईल, आणि तुमच्या कपाळावर नाहीतर उजव्या हातावर त्याची खूण उठेल. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

माझे वडील हे ऐकून ढाराढूर झोपत. काका जागे राहत. त्यांच्या शाळेच्या वाटेवर कॅथलिकांचं चर्च होतं, त्याच्या पुढून ते श्वास रोखून पळत. एकदा पळताना त्यांची टोपी पडली आणि तिथल्या फादरांनी ती उचलून, झटकून, प्रेमाने त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्या दिवशी काकांना ताप भरला. आजोबा म्हणाले होते तस्संच घडलं होतं ना, गोड बोलून कपाळाला हात.

आणि या माणसाने लग्न केलं एका कॅथलिक मुलीशी.

ती कपडे धुण्या-इस्त्रीच्या कारखान्यात इस्त्री करायची. तिचे वडील वारले तेव्हा काका पेटी घेऊन गेले. उचलायला माणसं आली नव्हती, म्हणून तिनेच दुसरं टोक धरलं. पेटी खाली ठेवल्यावर आतल्या कडेवरून बोट फिरवून ती म्हणाली की इथे कुसळ राहिलंय, बाबांची बाही अडकेल. काकांच्या कामात खोट काढणारी ती पहिलीच. त्यांनी गुडघ्यांवर बसून ती कड तिच्यासमोर घासून दिली, आणि तिथेच गडी गारद झाला.

लग्न आमच्या चर्चच्या पाळकांनी लावलं. आजोबांची तेवढी एकच अट होती, पण तेवढी पुरली. तिच्या फादरांनी तिला आधीच सांगितलं होतं की हे लग्न आमच्या चर्चच्या लेखी लग्न नव्हे. तिच्या आईने तेच साध्या शब्दांत सांगितलं, की तू त्याच्या घरात नांदशील, पण देवाच्या घरी बिनलग्नाचीच राहशील. काकूने ऐकून घेतलं आणि आली.

दोघांचं फार छान जमलं. पोपवरून ते कधी भांडले नाहीत, कारण तो विषय त्यांनी कुलूप घालून ठेवला होता. दर रविवारी काकू मिस्साला, तिच्या चर्चमधल्या उपासनेला, जाई. काका तिला सोबत म्हणून चर्चसमोरच्या रस्त्याच्या अलीकडच्या बाजूपर्यंत जात आणि चर्चकडे पाठ करून उभे राहत; ऊन असो, गारठा असो. आत ती शेवटच्या बाकावर बसे. कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला सगळे पुढे जात तेव्हा ती गुडघे बाजूला घेऊन इतरांना वाट करून देई आणि स्वतः बसून राही, कारण चर्चच्या लेखी बिनलग्नाने नांदणाऱ्या बाईला ती घेता येत नसे. हे तीसेक वर्षं चाललं. मी एकदा विचारलं, "काकू, तुला कसं गं वाटतं?" तर म्हणाली, सवय होते. खोटं बोलत होती.

ते कळलं ती आजारी पडल्यावर. हृदय थकलं होतं, पायांना सूज, धाप. डॉक्टरांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की आता आठवडाभराची गोष्ट आहे. मी तिच्या उशाशी राहायला गेले. मला वाटलं होतं वेदना बघाव्या लागतील. वेदना फारशा नव्हत्याच. भीती होती. डोळा लागला की ती दचकून उठे, खाटेची कड धरे आणि दाराकडे बघत राही. कोण आलंय म्हणून विचारे. कोणी नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसत नसे. भरदिवसा, खिडकीतून ऊन येत असताना, एक मोठी बाई तान्ह्या मुलासारखी थरथरत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

फादर बोलवा असं ती एकदाही म्हणाली नाही. नवऱ्याच्या पोटात त्या माणसांची किती भीती आहे हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

मग मीच काकांकडे गेले. ते रंधा हातात घेऊन नुसते उभे होते. मी सरळ म्हटलं की फादरांना आणा. माझं तोंड तसंही फटकळ, त्यात जागरणं. मी म्हटलं, तुमच्या त्या जुन्या बाष्कळपणापायी ती अशी तडफडत जाणार आहे का?

काका चिडतील असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "बाष्कळपणा असता तर मी कधीच गेलो असतो. तुला कळतंय का मी कोणाला घरात घेणार आहे? आणि कोणाच्या उशाशी बसवणार आहे?"

त्या क्षणी मला पहिल्यांदा उमगलं की हा माणूस हे सगळं खरं मानतो. वाद घालण्यापुरतं नाही. समोरच्या भिंतीइतकं खरं. 

आधी ते आमच्या पाळकांकडे गेले. मी बरोबर होते. पाळक म्हातारे, सतत सर्दी झालेले, पण सरळ माणूस. ते लगेच आले, काकूजवळ बसले, प्रार्थना केली, ख्रिस्तावर भरवसा ठेव म्हणाले. काकूने नम्रपणे आमेन म्हटलं, त्यांना चहा द्या म्हणून मला खुणावलं, आणि ते उठताच पुन्हा खाटेची कड धरली.

कामाच्या खोलीत एका अर्धवट पेटीला टेकून पाळक काकांशी बोलले. म्हणाले, "शास्त्रात तो शत्रू बसतो कुठे म्हटलंय? देवाच्या मंदिरात. म्हणजे बसणारा कोणीही असो, मंदिर देवाचंच आहे. तिथला बाप्तिस्मा खरा, तिथली क्षमाही खरी. आपले पूर्वज हेही सांगून गेलेत, फक्त लोकांना पहिला अर्धा भाग तेवढा पाठ असतो."

काकांनी पेटीवरचा भुसा हाताने झाडला. मग म्हणाले, "मंदिर देवाचं, कबूल. पण दार तर तोच उघडणार ना?"

पाळकांनी रुमाल काढला. जा असं मी सांगू शकत नाही, म्हणाले, आणि जाऊ नका असं माझ्याने म्हणवत नाही. नाक पुसत निघून गेले. मला त्यांचा राग आला. माणूस बुडत असताना काठावरून दोन्ही बाजू समजावून सांगायच्या, याला काय म्हणायचं!

दुपारी काकूला पुन्हा तो झटका आला. या वेळी तिने काकांचाच हात पकडला आणि त्यांना ओळखलं नाही. मला नेऊ नका, मी अजून तशीच आहे, असं काहीसं पुटपुटत होती. काकांनी हात सोडवला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मी खिडकीतून पाहिलं; चर्चचं फाटक तिथून दिसे. रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला, जिथे ते दर रविवारी पाठ करून उभे राहत, तिथे ते थांबले. मला वाटलं, परत फिरतील. मग खाली मान घालून त्यांनी रस्ता ओलांडला आणि फाटकातून आत गेले. साठी उलटलेला माणूस, पण मी सांगते, त्यांनी श्वास रोखून धरला होता.

फादर आले. चाळिशीचे, घाईने चालल्यामुळे घामेजलेले, हातात मरणाऱ्याच्या कपाळाला लावायच्या पवित्र तेलाची छोटी बाटली. आजोबांनी सांगितलं होतं तसेच निघाले, म्हणजे खरोखर गोड बोलणारे. काकांची काय अवस्था झाली असेल! आम्ही बाहेर थांबलो. थोड्या वेळाने फादर स्वयंपाकघरात आले आणि संकोचत म्हणाले की एक गोष्ट आहे. तिला क्षमा मिळाली, ते माझ्या हातात होतं. पण तिला आणखी काही हवंय. तिला या घरातून लग्नाची बायको म्हणून जायचंय. त्यासाठी तुम्हा दोघांना माझ्यासमोर पुन्हा होकार द्यावा लागेल.

काकांचा आवाज चढला. "तीस वर्षं इथे कोण नांदत होतं मग? आम्हाला शिकवलंय, देवाने जोडलेली लग्नं जो मोडीत काढतो तोच तो. तीच त्याची खूण."

"तुम्ही आम्हाला काय म्हणता ते मला माहीत आहे," फादर म्हणाले.

"तुम्हाला नाही म्हणत. तुमच्या साहेबाला म्हणतो."

एरवी मी हसले असते. फादरही हसले नाहीत. ते म्हणाले, मी जबरदस्ती करायला आलेलो नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तिच्याजवळ शेवटपर्यंत बसेन.

काकांनी खाली बघून विचारलं, "हे ती मला का बोलली नाही? इतक्या वर्षांत एकदाही?"

"तुम्ही घाबराल म्हणून," फादर म्हणाले.

काकांनी हात धुतले. नखांतला सरस निघेना, तरी खूप वेळ धुतले. मग आत जाऊन खाटेशेजारी उभे राहिले. साक्षीला मी आणि शेजारची नर्सबाई. काकूने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, नको. तुम्हाला जमायचं नाही." काका म्हणाले, "तू गप्प बस. दम लागेल."

फादरांनी दोघांचे उजवे हात एकमेकांत दिले आणि आपल्या गळ्यातला पट्टा त्यांवर गुंडाळला.  फादरांनी विचारलं. काका "हो" म्हणाले. काकू "हो" म्हणाली. मग फादरांनी आशीर्वादासाठी हात वर केला, तेव्हा काकांनी डोळे गच्च मिटून घेतले. 

काकू त्यानंतर झोपली. खाटेची कड न धरता, तोंड किंचित उघडं ठेवून, अगदी गाढ. जागी झाली तेव्हा तिने दाराकडे बघितलं नाही, मला उशी सरळ करायला सांगितली. तिसऱ्या दिवशी गेली, बोलता बोलता. तिची पेटी काकांनी केली. आतली कड ते इतका वेळ घासत बसले की शेवटी माझ्या वडिलांनी त्यांच्या हातातून घासायचा काचकागद काढून घेतला.

तिची भीती गेली. पण ती भीती घराबाहेर गेली नव्हती, काकांकडे आली होती. काका बदलले नाहीत. गावाला वाटलं आता म्हातारा निवळेल, पण ते पोपच्या गादीबद्दल पूर्वी जे मानत तेच मानत राहिले, तितक्याच ठामपणे. म्हणून तर भय होतं. काम करता करता थांबून ते उजव्या हाताचा तळवा उजेडात धरत. मी एकदा म्हटलं, "काका, काही नाही हो तिथे." ते म्हणाले, "ती खूण दिसायची नसतेच." हात धुऊन धुऊन कातडी भेगाळली होती. मी मलम लावून द्यायचे आणि त्या मेलेल्या आजोबांना मनातल्या मनात शिव्या घालायचे.

काकांनाही शेवटी छातीचंच दुखणं झालं. खाटही तीच. पाळक येऊन गेले होते, प्रभुभोजनाची भाकर देऊन गेले होते. संध्याकाळ होत आली होती. काकांनी मला जवळ बोलावलं. चेहरा तसाच, पांढरा.

"तिकडे मला विचारतील," ते म्हणाले. "सगळं माहीत असून तू त्याच्या माणसापुढे उभा राहिलास, हात पुढे केलास. का केलंस? काय सांगू मी?"

  मी त्यांच्या त्या भेगाळलेल्या हाताला मलम लावायला घेतलं. मलम लावून झालं तेव्हा त्यांनीच मान हलवली, एखादं माप पुन्हा तपासून पक्कं केल्यासारखी.

"सांगीन," काका म्हणाले, "बायको घाबरली होती."