नेलची खूण

सेप कोल्थर्डला गप्पा मारायला जगात एकच विषय होता, आणि तो विषय चार पायांवर त्याच्या मागेच उभा असायचा. नेल. आई शर्यतीतून घरी बसलेली ग्रेहाऊंड, बाप शेजारच्या कुरणावरचा, डोळ्यांवर झुलपं आलेला मेंढ्यांचा कॉली. अशा मिश्र कुत्र्याला इंग्रज लर्चर म्हणतात. दिसायला नेल म्हणजे भिजून वाळलेलं पायपुसणं. पण हे सेपसमोर म्हणायची सोय नव्हती. त्याच्या स्वतःच्या नाकाबद्दल बोला, टोपीबद्दल बोला, हसून सोडून द्यायचा. नेलबद्दल बोललात तर आठ दिवस अबोला.

सात भावंडांतला सातवा, म्हणून बापाने नाव ठेवलं सेप्टिमस. वरचे सहा पांगले. काही कॅनडाला, काही त्याच्याही पलीकडे, जिथून पत्रं येत नाहीत. दोन वर्षांपूर्वी बायको हिल्डाही गेली. आता टीसडेलच्या त्या दरीत, अगदी वरच्या अंगाला, एका दगडी घरात सेप, नेल आणि मागच्या खोपटात तीन फेरेट. फेरेट म्हणजे मुंगसाचा गोरा चुलतभाऊच. बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायचा, की ससे जिवाच्या आकांताने बाहेर. काही जाळ्यात, काही जाळं चुकवून पळाले तर नेलच्या तोंडात. कुरणं खाणारे ससे कमी झाले की शेतकरी खूश, आणि सेपच्या घरी रस्सा. चाळीस वर्षं हाच धंदा.

सोमवार ते शनिवार बरे जायचे. रविवार मेला जाता जायचा नाही. प्रार्थनेला मान देणारी दरी ती, रविवारी कुणी सशाकडे बघायचंसुद्धा नाही. सकाळी चॅपेल, दुपारी उकडलेला बटाटा, आणि मग रेडिओ. हल्ली रेडिओही म्हातारा झालाय, असं सेपचं म्हणणं. कितीही पिळला तरी आवाज येत नाही. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यातल्या बातम्या तोंडपाठ व्हायच्या, ते सोडा.

हो, आणि लोकही हल्ली पुटपुटायला लागले होते. पोस्टमन पुटपुटतो, पाद्री पुटपुटतो, दुकानातली पोरगी तर नुसतेच ओठ हलवते. साऱ्या दरीला एकदम काय झालं असेल, असा विचार सेप करायचा. स्वतःच्या कानांकडे मात्र त्याचा संशय काही वळायचा नाही.

रविवारी चारच्या सुमाराला नेल कधीकधी उठायची आणि पुढच्या दाराकडे जाऊन उभी राहायची. मान तिरकी, शेपूट सरळ, डावा पाय उचललेला. अगदी बिळावर उभी राहते तशी.

"दारात ससे आले का गं?" सेप आपल्या खुर्चीतून म्हणायचा. "आज रविवार आहे. पाय खाली घे, बावळट."

नेल पाय खाली घ्यायची नाही. थोड्या वेळाने आपणहून परत यायची आणि सेपकडे अशी बघायची, की बघणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. कॉलीचं रक्त ते. ग्रेहाऊंड मालकावर प्रेम करतो. कॉली मालकाची परीक्षा घेतो.

नोव्हेंबरातला एक गुरुवार. टॉट एमर्सनच्या कुरणात, दगडी गडग्याच्या आडोशाला सेप जाळी सोडवत बसला होता. टॉट म्हणजे कुरणाचा मालक, तांबडा चेहरा, पोट पुढे, जीभ त्याच्याही पुढे. त्याने नुकताच एक कुत्रा घेतला होता, निम्मा ग्रेहाऊंड, निम्मा व्हिपेट, म्हणजे पुन्हा छोटा ग्रेहाऊंडच. नाव ठेवलं होतं फ्लॅश. तकतकीत, काळा, थंडीने थरथरणारा.

"बघितलास?" टॉट ओरडला. सेपशी हल्ली सगळे ओरडूनच बोलायचे. "पन्नास पावलांत तुझ्या गोधडीला मागे टाकेल."

"टाकेल ना," सेप म्हणाला. "आणि एक्कावन्नाव्या पावलाला काटेरी तारेत घुसेल. मग डॉक्टरकडे पळ, तिथेही तो तुझ्यापुढे."

"वेग लागतो रे कुत्र्याला!"

"वेग नवऱ्याला लागतो, बायको हाक मारते तेव्हा. कुत्र्याला डोकं लागतं." आता सेपची गाडी सुरू झाली, आणि ती थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. "हिचे केस बघ. गारा पडल्या तरी दिवसभर उभी राहते. तुझा तो, बघ, कसा कुडकुडतोय, बायकोचा स्वेटर घाल त्याला. पाय बघ हिचे. या दगडांत पाच वर्षं धावली, एक नख नाही गेलं. गडग्यावरून उडी मारायच्या आधी पलीकडे बघते. मेंढ्यांत सोड, मान वळवणार नाही. ससा आणते तो जिवंत, माझ्या हातात, एक केस न विस्कटता. आणि ही सशामागे धावतच नाही मुळी. ससा कुठून बाहेर पडणार हे आधी ठरवते, आणि तिथे जाऊन उभी राहते."

"म्हणजे आळशी."

"म्हणजे शहाणी. आणि तोंडातून आवाज नाही. पिल्लू असताना एकदा भुंकली होती, तेव्हाच शिकवलं. भुंकणारा लर्चर काय कामाचा? सगळे ससे मैलभर खाली दडून बसतील. त्यानंतर आजवर तोंडात मूग."

"आणि खोड एकही नाही?"

सेपने थोडा विचार केला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "रुसते. आपण चुकलो तर तिला कळतं, आणि मग दिवसभर आपल्याला कळत राहतं. पण खूण? बिळावर पाय उचलला की खाली जीव आहे. नेलची खूण खोटी निघाली तर मी माझी टोपी खाईन."

"ती टोपी फेरेटसुद्धा खाणार नाही," टॉट म्हणाला.

जाळी लागली. पांढरी फेरेट मादी आत गेली. तीन ससे बाहेर आले, मग सगळं सामसूम. दहा मिनिटं गेली, वीस गेली. फेरेट वर येईना. आत ससा मारून, पोटभर खाऊन, त्याच्याच उशाला झोपली असणार. मग खणून काढावी लागते. कुठे खणायचं? त्यासाठी जमिनीला कान लावायचा. खाली धडपड चालू असते, खरवड चालू असते, ती ऐकू येते. हे सेपचं खास काम. त्याचा कान मातीत सहा फूट जातो असं अख्खी दरी म्हणायची.

सेप ओल्या गवतावर आडवा झाला. कान लावला. काही नाही. दोन पावलं सरकला. काही नाही.

नेल मात्र वरच्या अंगाला, झुडपापाशी, पाय उचलून उभी.

"तिथे कशाला असेल? बिळं सगळी इकडे," सेप पुटपुटला. पुन्हा कान लावला. माती मुकी.

"अरे सेप," टॉट जवळ येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा जरा विचित्र झाला होता. "मला इथून ऐकू येतंय. उभ्या उभ्या. त्या झुडपाखाली खरवडतेय ती."

सेप उठला, नेलच्या पायाखाली दोन हात खणलं. फेरेट बाहेर आली, जाड झालेली, मिशांना रक्त. सेपने तिला पेटीत ठेवलं. पेटीची दोरी बांधायला त्याला फार वेळ लागला.

"कधीपासून?" टॉटने विचारलं. या खेपेला त्याने ओरडायच्या ऐवजी समोर येऊन, तोंड दाखवून विचारलं.

"कशाचं कधीपासून? वारा होता कानात."

"वारा. बरं." टॉट गडग्यावर टेकला. "मग गेल्या नाताळात मी तुझं दार बडवलं, तेव्हाही वाराच होता का? बदकाची तंगडी आणली होती बायकोने भाजलेली. मी बाहेर उभा, आत रेडिओ एवढा बोंबलतोय की माझे दात हलले. आणि दाराला कडी."

"तू आला होतास?"

"मी सोड. मार्जोरीला विचार."

मार्जोरी म्हणजे हिल्डाची धाकटी बहीण, खालच्या गावात राहणारी. जिभेवर सुरी आणि हाताला चव. हिल्डाच्या प्रेतावर माती पडल्यापासून ती सेपच्या घराकडे फिरकली नव्हती. निदान सेपच्या हिशेबी. चॅपेलमध्ये दिसली की मान फिरवायची. सेपही फिरवायचा. बायको होती तोवर मेहुणी, असं त्याने मनाशी म्हणून टाकलं होतं.

"मार्जोरी कशाला येतेय माझ्याकडे."

"कशाला?" टॉटने हात आपटले. "दीड मैल चढून येते बाई! टोपलीत मटणाचा पाय घेऊन... तो पाय नव्हे, कणकेत मटण भरून भाजतात तो! पाच-सहा रविवार आलीय. दार वाजवते, रेडिओ ऐकते, परत जाते. अरे, तुझ्या आजोबांपासून या दरीत दिवसा कुणी कडी लावलीय का? लावली तर त्याचा अर्थ काय होतो, तुला ठाऊक नाही?"

ठाऊक होता. दिवसा कडी म्हणजे 'येऊ नका'. एवढी भांडणं झाली दरीत, भाऊ भावाशी बोलेनासे झाले, पण दिवसा कडी कुणी लावली नाही. सेपने लावली ती हिल्डा गेल्यावर दाराची खिट्टी तुटली म्हणून. वाऱ्याने दार सताड उघडायचं, चुलीतली राख घरभर. कडी सरकवायची सवय लागली, अर्थ विसरला.

"या रविवारी हिल्डाला दोन वर्षं होतात," टॉट म्हणाला. "मार्जोरी माझ्या बायकोला म्हणाली, बहिणीसाठी एकदा शेवटचं जाईन. नाही उघडलं तर तो मेला माझ्यापुरता. आता तू जा, आधीच भेट, सांग तिला."

"काय सांगू?"

"की तुला ऐकू येत नाही!"

सेपने जाळी खांद्यावर टाकली. "येतं मला ऐकू," म्हणाला, आणि चालायला लागला. मरेल पण कबूल करणार नाही, अशी जात. नेल मागोमाग निघाली, पण नेहमीसारखी पायाला घासून नाही. दहा पावलं मागून. रुसली होती.

घरी येऊन तो खुर्चीत बसला आणि पुढच्या दाराकडे बघत राहिला. किती रविवार त्या दारापाशी ती पाय उचलून उभी होती? टॉटसमोर टोपी खायच्या बाता मारल्या. बिळावरची तिची खूण चाळीस जणांना सांगितली. आणि स्वतःच्या दारावर तिने तीच खूण केली, तर म्हणे बावळट. भुंकली असती तर? पण भुंकू नको हे शिकवलं कुणी? यानेच.

"चुकलं गं," तो नेलला म्हणाला. नेलने ऐकलं, आणि पाठ फिरवली.

शनिवारी दोनदा टोपी घालून मार्जोरीकडे जायला निघाला. दोनदा फाटकापासून परत आला.

रविवार उजाडला तो वादळ घेऊन. सेप चॅपेललाही गेला नाही. दाढी केली, नवी कॉलर लावली, ती टोचत होती. रेडिओ बंद. बारा वाजता कडी काढून ठेवली, तर वाऱ्याने दार भिंतीवर आदळलं आणि राख थेट त्याच्या चहात. खुर्ची लावून बघितली, खुर्ची उडाली. शेवटी कडी सरकवली आणि दाराकडे न बघता नेलकडे बघत बसला. कानांचा उपयोग नव्हता. आता जे काही ऐकायचं ते तिच्या अंगावर दिसणार होतं.

नेल झोपली होती. दोन वाजले. तीन वाजले. नेल कूस बदलून पुन्हा झोपली. एवढं एकटक त्याने हिल्डाकडेही कधी बघितलं नसेल, आणि तो विचार आला तेव्हा त्याला जरा वेळ चुलीकडे बघावं लागलं.

चार वाजले, साडेचार झाले. बाहेरचा उजेड उतरायला लागला. नाही आली. या वाऱ्यात साठीची बाई दीड मैल कशाला चढेल?

नेलने डोकं उचललं. उठली. दाराशी गेली. मान तिरकी, शेपूट सरळ, डावा पाय वर.

सेप खुर्चीतून असा उठला की गुडघे दोन्ही बोलले. कडी ओढली. पावसाने लाकूड फुगलेलं, कडी हलेना. दोन्ही हातांनी ओढली, खांदा लावला, हिल्डा असती तर कान झाकले असते अशी एक शिवी दिली, आणि कडी सुटली. दार उघडलं.

ओटा रिकामा. वाऱ्यात वाकलेली, हातात टोपली, डोक्याला रुमाल, मार्जोरी फाटकाकडे निघाली होती. पाठमोरी. चालीत जराही हिल्डा नाही, खांद्यांत मात्र पूर्ण हिल्डा.

हाक मारायला तोंड उघडलं. दोन वर्षं कुत्र्याशिवाय कुणाला हाक मारली होती? तोंडात दोन बोटं गेली आणि बाहेर पडली ती शिट्टी, नेलला बोलवायची, दरीच्या पलीकडे ऐकू जाणारी.

नेल सुटली. पण मार्जोरीच्या मागे नाही धावली. आडवी गेली, गडग्यावरून उडी घेतली, घेण्याआधी पलीकडे बघायला विसरली नाही, आणि सरळ फाटकात जाऊन उभी राहिली. जिथून बाई बाहेर पडणार, बरोबर तिथे. मार्जोरी डावीकडे सरकली, नेल डावीकडे. उजवीकडे, उजवीकडे. तोंडातून अवाक्षर नाही.

मार्जोरी वळली. चेहरा लालबुंद.

"सेप्टिमस कोल्थर्ड! मी काय तुझी कुत्री आहे, शिट्टी मारून बोलवायला?"

हे सेपला अक्षर न अक्षर ऐकू आलं. त्या आवाजाने टॉटच्या कुरणातला ससासुद्धा दडून बसला असेल. ती पुढेही खूप काही बोलत होती, हातवारे करत, जवळ येत, पण ते वाऱ्याने नेलं.

"मार्जोरी," तो म्हणाला. कॉलर टोचत होती. "मला ऐकू येत नाही."

ती ओट्याच्या पायरीवर थांबली.

"दार वाजवलेलं ऐकू येत नाही. जमिनीतलंही नाही. काहीच नाही. नेल सांगत होती. मी तिचं मानलं नाही."

मार्जोरीने त्याच्याकडे बघितलं, मग तिच्या मागोमाग येऊन उभ्या राहिलेल्या त्या भिजलेल्या पायपुसण्याकडे. वाऱ्याने पुन्हा दार आदळलं. तिने टोपली सेपच्या हातात कोंबली, त्याच्या अगदी तोंडासमोर तोंड आणलं, आणि एकेक शब्द वेगळा करून, शाळेतल्या बाईसारखी म्हणाली,

"आधी... ती... खिट्टी... दुरुस्त कर. मेल्या."

आणि त्याला बाजूला सारून आत गेली. नेल तिच्या मागोमाग, सेपच्या पायाला घासून.