गणपतदादांची बरणी

फोन आला तेव्हा मी इथे सौदीत, ओलाया भागातल्या एका टॉवरच्या गच्चीवर एसी दुरुस्त करत होतो. "गणपतदादा गेले. काम करता करता बसले आणि खलास," रूममधला इस्माईल म्हणाला. डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला होता. मी अल सुलैच्या आमच्या कामगार कॅम्पवर पोचलो, तर दादांच्या रिकाम्या पलंगाभोवती जमलेली मंडळी वेगळंच कुजबुजत होती. "वो जंगली घास खाता था ना, उसी से गया." मला त्या तोंडांची किळस आली.

त्या 'घासा'बद्दल सांगायला हवं. इथे हिवाळ्यात पाऊस पडून गेला की वाळवंटात लसणीच्या पातीसारखी एक रानपात उगवते. सौदी लोक तिला कुर्रात म्हणतात. दादा मूळचे गुहागरकडचे, फॅब्रिकेटर. पूर्वी इथल्याच हुफूफ शहरात कामाला होते, तिथे त्यांना तिची चटक लागली. शुक्रवारी पिकअप मिळवून आम्हाला शहराबाहेर न्यायचे आणि उकिडवे बसून एकेक पात चुरगळून नाकाशी धरायचे. वास आला तरच पिशवीत. मग रूमवर ती चिरायची... आणि तिथून माझे हाल सुरू. बंद खोली, चालू एसी आणि तो उग्र वास उशीला, टॉवेलला, चहालासुद्धा. मी ती जन्मात तोंडाला लावली नाही. "तुझ्या नाकाला औषध नाही रे," म्हणून दादा हसायचे.

आपल्याकडे फणसाचे गरे मिठात खारवतात, तशी ही पात खारवून ठेवायची कल्पना दादांच्या बायकोची, सुधावहिनींची. त्या गावाहून फोनवर सांगायच्या, एक थर पातीचा, वर मूठभर मीठ... आणि दादा बरणी भरायचे. उन्हाळ्यात सुकट घालून तिची भाजी केली की मी सोडून रूममधले सगळे बोटं चाटत बसायचे. दादा गेले त्याच्या आदल्या दिवशीही एकाच पातेल्यातून सगळे जेवले होते. पण रूमवर स्वयंपाक करायला कंपनीची बंदी. चौकशी होईल या भीतीने प्रत्येक जण म्हणू लागला, आपण कधी हातही लावला नाही, एकटे दादाच खायचे. एकाने तर बरणी कचऱ्यात टाकायला उचलली होती. मी ती हिसकावून माझ्या कपाटात ठेवली. इतकी लाचार माणसं मी पाहिली नव्हती.

त्याहून घाणेरडं म्हणजे, यांच्यातल्याच कुणीतरी, दादा त्या पातीनेच गेले, असं गावी कळवलं. दिवसकार्य उरकल्यावर मी फोन केला, तर वहिनींनी अन्न सोडल्यासारखंच केलं होतं. "भावोजी, खारवायला मीच शिकवलं. माझ्याच हाताने घालवलं मी त्यांना." मी डॉक्टरांचं सांगितलं, सगळे खायचे तेही सांगितलं. "ते तर नाही म्हणतात. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी मी व्हिडिओ कॉल लावला. समोर भात आणि बरणी. झाकण उघडलं तसा तो वास खोलीभर झाला. "बघा वहिनी," म्हणालो, आणि चमचाभर पात भातात कालवून खाल्ली. मग दुसरा घास, तिसरा... डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी मी खात राहिलो. वहिनी टक लावून बघत होत्या.

"भावोजी, आधी पाण्यात भिजत घातली होतीत का?"

"नाही."

"अहो, दोन पाणी काढायची असतात. मीठ काय नुसतं खातात? आणि फोडणी?" बऱ्याच दिवसांनी त्या कुणावर तरी चिडल्या होत्या. "थांबा, मी सांगते तशी करा. मीपण ताट घेऊन बसते."

आता दर शुक्रवारी हे चालतं. त्या तिकडे जेवतात, मी इकडे. एवढं होऊनही मला तो वास सहन होत नाही, दर घासाला शिसारी येते. बरणी अर्ध्यावर आली आहे, आणि पुढचा पाऊस फार लांब आहे. म्हणून मी थोडी थोडीच काढतो.