रबाळ्यातली वीस तारीख

सुचिताचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, तोही घाव घालण्याने. दिवाळे गावच्या जेट्टीवर बर्फाची लादी उतरली की ती लोखंडी टोच्याने फोडायची. आई गोजराबाई मासळीवर बर्फ पसरायची, मग दोघी टोपल्या टेम्पोत चढवायच्या. लादी फोडायला जोर कमी आणि नेम जास्त लागतो. एका रेघेवर घाव पडले तर ती सरळ दुभंगते, नाहीतर नुसता चुरा उडतो. सुचिताचा चुरा उडत नसे. मी उभं राहून पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

नऊला ती रबाळ्यात. एका कर सल्लागाराकडे नोकरी. काम एकच, गिऱ्हाइकांच्या तारखा सांभाळायच्या. सातला टीडीएस, अकराला विक्रीचं विवरण, वीसला जीएसटीचं विवरणपत्र. जुलैअखेर आम्हा पगारदारांच्या इन्कम टॅक्सची रीघ. हे बसून होणारं काम नाही. फोनवर सगळे हो म्हणतात आणि विसरतात. ती कारखान्यामागून कारखाना पायी फिरायची आणि बिलं हातात पडेपर्यंत दारातून हलायची नाही.

त्यापायी मारही खाल्ला. एका फरशीवाल्याने महिनोन् महिने तिचे फोन उचलले नाहीत. शेवटी कर खात्याने त्याचं बँक खातं गोठवलं, तेव्हा त्याने तिलाच खुर्ची फेकून मारली. भुवई फुटली. टाके घालून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच दारात.

"शेठ, बसायला खुर्ची नको. बिलं द्या. उद्या अकरा तारीख हाय."

मी तिच्याच एका गिऱ्हाइकाच्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात होतो. मालक दोन भाऊ, रबाळ्याचेच. थोरला पोपटशेठ, धाकटा धनेश. वाटणीवरून जुंपली होती. धनेशने भावाच्या गाडीची काच पहारीने फोडली. पोपटशेठच्या माणसांनी धनेशच्या वॉचमनचे पुढचे दात पाडले. मग पोपटशेठला पहारीपेक्षा धारदार हत्यार सापडलं. विवरणपत्र दाखल करायला ओटीपी लागतो आणि तो त्याच्या फोनवर यायचा. ऑगस्टच्या वीसला त्याने फोन बंद करून ठेवला. तो महिना चुकला.

लागोपाठ दोन महिने चुकले की ई-वे बिल निघत नाही, आणि त्याशिवाय आमच्या मालाची गाडी गेटबाहेर काढता येत नाही. गाड्या थांबल्या की कारखाना थांबणार, धनेश गुडघ्यावर येऊन वाटणीच्या कागदावर सही करणार, असा डाव. मध्ये आम्ही कामगार चिरडले जात होतो, ते दोघांनाही दिसत नव्हतं. मागचं एक विवरणपत्र जरी सप्टेंबरच्या वीसपर्यंत गेलं, तरी गाड्या थांबणार नव्हत्या. कराची रक्कम धनेशने भरून ठेवली होती. अडलं होतं ते ओटीपीवर.

सल्लागार सुचिताला म्हणाला, "भावाभावांचं भांडण आहे. सोड." वीस सप्टेंबरला दुपारी ती आली. ऑफिस आणि आमचं मशीन यांच्यामध्ये फक्त काच होती आणि दार उघडं होतं. तिने पोपटशेठच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"पोपटदादा, फोन बाहेर काढा. ओटीपी पाठवते."

"तुला कोनी बोलावलं गं? जा, म्हावरं इक."

"इकूनच आले. पहाटेच संपलं. आता तुमचा नंबर."

आम्ही हसलो. पोपटशेठ हसला नाही. तेवढ्यात धनेश आत घुसला.

"दादा, ओटीपी दे. नायतर आज तुझा मुडदा पाडीन."

"आधी सही कर, भिकारड्या."

धनेशने गळपट्टी धरली. पोपटशेठने कपाळ हाणलं आणि धनेशचं नाक फुटलं. रक्त लॅपटॉपवर उडालं. या झोंबाझोंबीत पोपटशेठच्या खिशातला फोन टेबलावर पडला. सुचिताने लॅपटॉपवर ओटीपी पाठवायचं बटण दाबलं. फोन उजळला, ओटीपी आला.

पोपटशेठने तो पाहिला. कोपऱ्यात खोक्यांच्या पट्ट्या आवळायचं लोखंडी हत्यार होतं, चांगलं वजनदार, दिवसभर वापरलं की खांदा निखळतो. धनेश कमरेला लोंबकळत असताना त्याने ते उचललं आणि फोनवर हाणलं. सुचिताने फोनवर हात ठेवला.

ओला फाटा मोडावा तसा आवाज झाला. ती किंचाळली. त्याने दुसरा घाव घातला, त्याच जागी. तिने हात काढला नाही. तोवर मी आत पोचलो. त्याचं मनगट पिळून हत्यार सोडवायला आम्ही तिघे लागलो, आणि तरी त्याने माझ्या दंडाला चावा घेतलाच.

फोनच्या काचेला तडे गेले होते, पण आकडे दिसत होते. सुचिताने डाव्या हाताच्या एका बोटाने ते टाकले. उजवा पंजा टेबलावर तसाच पडला होता, भलत्याच बाजूला वळलेला.

"गेलं," ती म्हणाली आणि खाली बसून ओकली.

संध्याकाळी मालाच्या दोन गाड्या सुटल्या. पोपटशेठला पोलीस घेऊन गेले. फोनसाठी हात मोडून घेणं मला पटलं नाही. दवाखान्यात मी तिला तसं म्हणालो.

"मामा, इचार कुठं केला? हात आपोआप गेला."

दुसऱ्या दिवशी पोपटशेठचा मेहुणा दिवाळ्यात पाकीट घेऊन आला. दवाखान्याचा सगळा खर्च देतो, फक्त तक्रार मागे घ्या. गोजराबाई फळीवर कोयत्याने सुरमई कापत होती.

"ठेव पाकीट. आता तुझा हात ठेव इथं. एक घाव घालते, मग सांग त्याचं किती घेशील."

मेहुणा चप्पल विसरून पळाला.

सल्लागाराने एक रुपया दिला नाही. "मी सोड म्हटलं होतं," एवढंच म्हणाला. डॉक्टर ऑपरेशनसाठी थांबायला तयार नव्हते, हाडं वेडीवाकडी जुळली असती. सुचिताने बँकेतली ठेव मोडली. नऊ वर्षं रबाळ्याचे रस्ते तुडवून साठवलेला पगार तिच्या उजव्या पंजातली पोलादी पट्टी आणि सहा स्क्रू यांत गेला. तक्रार तिने मागे घेतलेली नाही.