सांगू नका, शीटवर टाका

समोरचा माणूस काही सांगायला लागला की ती वाहतूक पोलिसासारखा तळहात वर करायची आणि म्हणायची, "सांगू नका. शीटवर टाका."

तुमच्याही संस्थेत, सोसायटीत असं कोणीतरी असेलच. नसेल तर तुम्ही सुखी आहात. आम्ही एकमेकींना अहोजाहो करायचो, पण मनात मी तिला पहिल्या दिवसापासून एकेरीतच ठेवलं. इथेही तसंच ठेवते.

नौपाड्यात आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. कोणाचं हाड मोडलं, कोणाला अर्धांगवायू झाला, की व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, दवाखान्यात असते तशी वर-खाली होणारी खाट आम्ही घरी वापरायला देतो. गरज संपली की लोक परत आणून देतात. कोणती वस्तू कोणाकडे आहे, हे ही बाई येईपर्यंत माझ्या डोक्यात असायचं. आमटीला फोडणी घालताना फोन यायचा, "काकू, वॉकर आहे का?" आणि मी गॅस बारीकही न करता सांगायचे, "चरईतल्या आजी आता काठीवर चालतात, त्यांचा घ्या." त्या 'आहे का?'वर मी जगत होते म्हटलं तरी चालेल.

मग डोंबिवलीच्या एका रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेली ही बाई आली. काही दिवसांतच तिने प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने नंबर घातले आणि सगळं एका ऑनलाइन शीटवर चढवलं. वस्तू बाहेर गेली की तिची ओळ पिवळी, मुदत टळली की लाल, परत आली की हिरवी. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे आमचे कार्यकर्ते आपापल्या मोबाइलवर ती शीट बघू लागले. "काय भारी केलंय ताईंनी!" जो तो बोलायचा. मी इतकी वर्षं करत होते ते काय हलकं होतं?

माझा फोन गप्प झाला. तो बिघडला की काय म्हणून मी ह्यांच्या मोबाइलवरून लावून पाहिला. चांगला खणखणीत वाजला.

जळत होते मी, सरळ सांगते. तिचे मुगाचे लाडूसुद्धा मला खुपायचे, कारण ते चांगले व्हायचे.

मग एकदा शीट तोंडघशी पडली. घरातलं माणूस गेलं की तेरावा होईपर्यंत वस्तू मागायची नाही, हा आमच्या केंद्राचा रिवाज. तो कुठे लिहिलेला नव्हता. मला ठाऊक होता म्हणजे केंद्राला ठाऊक होता. मुदत टळली म्हणून तिच्या शीटने शीळफाट्याजवळच्या एका घरी आपणहून मेसेज धाडला, 'कृपया व्हीलचेअर परत करावी.' मुलगा सुतकातच खुर्ची घेऊन केंद्राच्या दारात उभा. "पप्पा गेले परवा," एवढंच बोलला आणि वळला.

मला त्याचं फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी साखरही विरघळली. सगळ्यांदेखत मी म्हटलं, "शीटला सुतक कळत नाही."

ती दुसऱ्या दिवशी रिक्षा बदलत त्या घरी जाऊन आली, आणि मग माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली. "आता तुम्ही सांगा," म्हणाली, "मी टाकते."

त्यानंतर कितीतरी दुपारी आम्ही तशा बसलो. कोणाला जेवणाच्या वेळी फोन करायचा नाही, कुठली सून सासूसमोर खरं सांगत नाही, कुठे वस्तूचा विषय न काढता नुसती तब्येत विचारून यायचं, म्हणजे वस्तू पाठोपाठ येते. तिने शीटवर एक नवा रकाना उघडला, 'काकूंना विचारा'. मी फुलले. पण एकेक गोष्ट सांगत गेले तसतसं त्या त्या घरापुढचं माझं नाव पुसलं जाऊ लागलं. बाईने माझं डोकं उपसायला घेतलं होतं! मग चार-दोन घरं मी मुद्दाम सांगितलीच नाहीत. तिला ते कळायचं. चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "असू दे. एवढं तुमच्याकडेच राहू दे." तो मोठेपणाही मला खुपला.

पुढे तिचीच तब्येत ढासळली. केंद्रातली एक खाट डोंबिवलीला तिच्या घरी गेली. नोंद तिने पडल्या पडल्या स्वतः केली. मी नौपाड्यात शीट उघडून बसले होते. शीटवर जो जिथे असेल तिथे त्याच्या रंगाची चौकट सगळ्यांना दिसते; तिची जांभळी चौकट ओळीतून हळूहळू सरकताना दिसत होती. मी उगीच तिच्या शेजारच्या रकान्यात जाऊन थांबले. लगेच तिचा फोन. "काही टाकताय का?"

"नाही हो. बघतेय नुसतं."

"मग बघा," ती म्हणाली, आणि बराच वेळ आम्ही दोघी तिथेच होतो.

ती गेली. तेराव्यानंतर तिच्या मिस्टरांनी खाट टेम्पोने पाठवली. मी उतरवून घेतली, पुसली, आतल्या खोलीत भिंतीला लावून ठेवली. शीटवर मात्र काही टाकलं नाही. ओळ पिवळीच राहिली, तिच्या नावाची. मुदत टळायला आली की मी तारीख पुढे ढकलायचे. लाल होऊ द्यायची नव्हती मला ती.

परवा कल्याणच्या कार्यकर्त्याचा फोन आला. "काकू, अर्जंट आहे. पेशंटला उद्या घरी आणतायत, आणि शीटवर एकपण खाट हिरवी नाय. तुम्हाला माहितेय काय, आहे का कुठे?"

आहे का? किती दिवसांनी ऐकलं ते. शीटला माहीत नव्हतं. साऱ्या ठाण्या-कल्याणात फक्त मला माहीत होतं.

"आहे," मी म्हटलं.

"मग शीटवर नाय टाकलं तुम्ही?"

"टाकते."

तिच्या ओळीत 'परत आली' असं टाकलं. ओळ लगेच हिरवी झाली आणि तिचं नाव आपोआप पुसलं गेलं. तशी सोय तिनेच करून ठेवली होती.